पाच मिलिग्रॅमपासून अडीचपर्यंत

आमच्या भागात रात्री लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, आवाज थांबला की माणसं जागी होतात. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्यांना हे सांगायला नको. खटक-खटक चालू असेपर्यंत लेकरंसुद्धा गाढ झोपतात. लाईट गेली आणि लूम थांबले, की खिडक्या उघडतात, कुणीतरी खाकरतं, कुणीतरी अंधारातच विचारतं, "कधी येणार?" मागच्या वर्षी फेब्रुवारीपासून मला मात्र लूम चालू असतानाच जाग यायला लागली. साडेतीन, पावणेचार. रोज. जाग आली की छातीवर सुताचं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं आणि उजाडेपर्यंत एकच विचार फिरत राहायचा, आजचा दिवस कसा ढकलायचा.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. कामगारांचा पगार, सुताची बिलं, २० तारखेचं जीएसटीचं रिटर्न. सोळा वर्षं झाली. मार्चमध्ये एका पगारपत्रकाची बेरीज मी चार वेळा केली आणि चारही वेळा वेगळी आली. आकडे दिसत होते, पण दुसऱ्या आकड्यावर जाईपर्यंत पहिला हातातून सुटायचा. जेवणाचंही तसंच. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही समोर असताना मी पाणी पिऊन उठायचो. आई म्हणायची, "तोंडाला चव नाही का रे?" चव नव्हतीच, पण चव गेल्याचं वाईटही वाटत नव्हतं. ते वाईट न वाटणं हेच नैराश्याच्या आजाराचं मोठं लक्षण होतं, हे मला फार उशिरा कळलं.

घरात कुणी गेलं नव्हतं. डोक्यावर कर्ज नव्हतं. दुःख करावं असं काही घडलंच नव्हतं, म्हणून मी आजार पोटात शोधत होतो, छातीत शोधत होतो. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. ईसीजी काढला, थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, सगळं बघून झालं. सगळं ठीक. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि एका मनोविकार तज्ज्ञांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी अकरा दिवस माझ्या पाकिटात होती. बाराव्या दिवशी बायकोनं रजा टाकली आणि म्हणाली, "अहो, आज जाऊ. मी बाहेर बसते."

ती बाहेर बसली नाही. डॉक्टरांनीच तिलाही आत बोलावलं. त्यांनी झोप, भूक, वजन, कामातलं लक्ष, सगळं विचारलं आणि मग सरळ विचारलं, "आपण नसतो तर बरं, असं मनात येतं का?" मी म्हणालो, येतं. बायकोला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनं टेबलाखालून माझा हात धरला. डॉक्टरांनी आवाज न बदलता पुढचं विचारलं, जिवाचं काही करून घ्यायचं ठरवलं आहे का, कधी प्रयत्न केला का. मी नाही म्हणालो आणि ते खरं होतं. माझी अशी समजूत होती की हा प्रश्न विचारला की माणसाच्या डोक्यात नको ते भरतं. माझ्या बाबतीत उलटंच झालं. इतके महिने एकट्यानं वागवलेली गोष्ट खोलीतल्या तिघांत वाटली गेली.

निदान नैराश्याचं होतं, सोबत चिंतेचं. गोळी एस्सिटॅलोप्राम. पहिले सात दिवस ५ मिलिग्रॅम, मग १०. सकाळी, नाश्त्यानंतर. शिवाय रात्री क्लोनॅझेपामची पाव मिलिग्रॅमची गोळी, फक्त दोन आठवडे. डॉक्टरांनी दोन्ही नावांखाली पेनानं रेघ मारली आणि म्हणाले, "या दोन गोळ्या एकसारख्या समजू नका." रात्रीची गोळी त्याच दिवशी काम करते, पण तिची सवय लागू शकते, म्हणून ती मोजून द्यायची आणि लवकर थांबवायची. सकाळची गोळी त्या दिवशी काहीच दाखवत नाही. तिला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक कळायला सहा ते आठ. तिची नशा येत नाही, तिच्यासाठी जीव तळमळत नाही, तोच परिणाम मिळावा म्हणून डोस वाढवत जावं लागत नाही. पण ती एकदम थांबवायचीही नाही. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. पुढं मी ते मोडलं, त्याबद्दल सांगतोच.

मी हिशेबाचा माणूस. विचारलं, नक्की काय कमी आहे माझ्यात? रिपोर्टमध्ये दिसेल का? ते म्हणाले, "टाकीत पाणी कमी पडलं म्हणून भरलं, इतकं हे सरळ नाही." मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलताना सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की ते परत ओढून घेतात. ही गोळी ते परत ओढणं अडवते. ते पहिल्या दिवसापासून होतं. पण त्या बदलाशी मेंदू हळूहळू जुळवून घेतो आणि माणसाला बरं वाटायला आठवडे जातात. रक्ततपासणीत हे दिसत नाही. माझा आधीचा ईसीजी मात्र त्यांनी नीट पाहून घेतला, कारण या गोळीनं, विशेषतः मोठ्या डोसला, ईसीजीतलं एक अंतर लांबू शकतं. ज्यांच्या हृदयाचं आधीच काही चालू आहे, त्यांनी ते सांगितलंच पाहिजे.

घरी येऊन मी या गोळीबद्दल वाचत बसलो. सिटॅलोप्राम नावाचं आधीचं औषध आहे. त्याचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे दोन तऱ्हेचे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा. त्यातला काम करणारा एकच हात वेगळा काढला, ते एस्सिटॅलोप्राम. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे मी कुणाच्या प्रयोगातला पहिला माणूस नव्हतो. त्या रात्री एवढ्या माहितीचाही आधार वाटला.

पहिली गोळी घेतली तो एप्रिलचा दुसरा आठवडा होता. बाहेर बेचाळीस डिग्री. गोळी इतकी छोटी की तळहाताच्या घामाला चिकटून बसली. बायकोनं पोह्यांची बशी पुढं केली आणि समोर उभी राहिली. तासाभरानं मळमळ सुरू झाली. उलटी नाही, पण एसटीत मागच्या सीटवर बसून घाट उतरावा तशी. दुपारी जांभया. झोप आलेली नाही आणि जांभई थांबत नाही, जबडा दुखेपर्यंत. तिसऱ्या दिवसापासून हातांना बारीक थरथर, पोट बिघडलेलं, तोंड कोरडं. आणि ज्यासाठी गोळी घेत होतो ती धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढली. चौथ्या दिवशी कारखान्याच्या गोदामात टॉवेलच्या गठ्ठ्यांमध्ये मी खाली बसलो. वाटलं, हे औषध मला मानवत नाही, संपलं.

त्या दिवशी डॉक्टरांना फोन केला नसता तर गोळी तिथंच सुटली असती. ते म्हणाले, पहिल्या एक-दोन आठवड्यांत असं बऱ्याच जणांना होतं, म्हणूनच पाचनं सुरुवात केली. रिकाम्या पोटी घेऊ नका, पाणी पीत राहा, आठवडाभर धरून ठेवा. पण अंगावर पुरळ आलं, बेशुद्धी आली, खूप ताप येऊन अंग ताठ झालं, किंवा मरणाचे विचार वाढले, तर वाट बघू नका, लगेच या. स्ट्रिप बायकोकडं ठेवायला सांगितलं होतं, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या दिवसांत असे विचार वाढण्याचा धोका जास्त असतो, म्हणून या गोळ्यांच्या माहितीपत्रकात तशी ठळक सूचनाच असते. मी एक्केचाळीसचा. तरीही बायकोनं पहिला महिना माझ्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. घरात कुणी नव्यानं ही गोळी सुरू केली असेल तर ते दिवस त्याला एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर सरकारची टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठी फोनवरची फुकट सेवा आहे, १४४१६ नंबरची, ऑक्टोबर २०२२ पासून चालू. मराठीत बोलतात. मी एकदा पहाटे चार वाजता तिथं बोललो आहे.

मी एक वही केली होती. जमाखर्चाचीच, लाल कापडी पाठीची. डावीकडं तारीख आणि डोस, उजवीकडं काय झालं ते. दहाव्या दिवशी लिहिलंय, "मळमळ दुपारपर्यंतच." चौदाव्या दिवशी रात्रीची क्लोनॅझेपाम बंद. सतराव्या दिवशी, "घाम फार." एप्रिलअखेरच्या सोलापुरात घाम औषधाचा की उन्हाचा, हे ठरवायचं कसं? पण रात्री पंख्याखाली उशी भिजत होती, तो औषधाचाच होता. बावीसच्या पुढं फक्त, "चहा बरा लागला."

मन बरं व्हायच्या आधी शरीर बरं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी झोप आली, मग भूक, मग आकडे जागेवर बसायला लागले. उत्साह सगळ्यांत शेवटी. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बायको म्हणाली, रात्री दोनला लाईट गेली होती, तासभर सगळी गल्ली बाहेर ओट्यावर बसली होती. मला पत्ताच नव्हता. सगळे लूम थांबले आणि मी झोपलेलो होतो. ते वहीत मी मोठ्या अक्षरात लिहिलंय.

जुलैपर्यंत मी पुष्कळ सावरलो. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालायला जाऊ लागलो, समुपदेशकाकडं आठ-दहा वेळा गेलो. त्याचाही उपयोग झाला, विशेषतः दिवसाची छोटी-छोटी कामं ठरवून घेण्याचा. वजन तीन किलोनं वाढलं.

आता एक गोष्ट जी पुरुष बोलत नाहीत. नवरा-बायकोच्या संबंधांवर या गोळीचा परिणाम होतो. इच्छा कमी होते, आणि इच्छा झाली तरी शेवटपर्यंत पोचायला फार वेळ लागतो किंवा पोचताच येत नाही. बायकांनाही होतं. हे क्वचित होणारं नाही, बऱ्याच जणांना होतं, आणि बाकीचे त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरले तरी हा राहू शकतो. मी दोन महिने गप्प होतो. बायकोला वाटलं, तिच्यातच काही उणं आहे. ती एका रात्री रडली तेव्हा मला सांगावं लागलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी जणू पोटदुखी सांगावी तसं ते लिहून घेतलं. मार्ग असतात. थोडी वाट बघता येते, डोस कमी करून बघता येतो, किंवा हा त्रास कमी असलेली बुप्रोपिऑन, मिर्टाझॅपिनसारखी दुसरी औषधं असतात. आम्ही दोघांनी मिळून वाट बघायचं ठरवलं, कारण नुकतंच बरं वाटायला लागलं होतं. ठरवलं ते दोघांनी, त्यामुळे त्याचा भार राहिला नाही.

ऑक्टोबरमध्ये कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांना मी घेत असलेली गोळी सांगितली नाही, लाज वाटली. त्यांनी लिहिलेल्या वेदनाशामकात ट्रॅमाडॉल होतं. मला थांबवलं ते आमच्या कोपऱ्यावरच्या औषध दुकानातल्या पोरानं. त्याला माझी महिन्याची स्ट्रिप माहीत होती. तो काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "काका, हे दोन्ही एकत्र नको, आधी विचारून या." ट्रॅमाडॉलही सेरोटोनिन वाढवतं. दोन्ही एकत्र आली की ते प्रमाणाबाहेर जाऊन ताप, थरकाप, गोंधळल्यासारखं होणं, असा गंभीर प्रकार होऊ शकतो. डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांचं वेगळंच. त्या यासोबत वरचेवर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तेव्हापासून दाताचा डॉक्टर असो की डोळ्यांचा, मी पहिलं वाक्य हेच बोलतो की मी एस्सिटॅलोप्राम घेतो.

आईनंही एकदा माझी स्ट्रिप हातात घेऊन म्हटलं होतं, "माझा पण जीव घाबरतो, मला दे की यातली एक." तिला बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी आहे. वय झालेल्या माणसात, त्यातही अशी गोळी चालू असेल तर, या औषधानं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. माणूस सुस्तावतो, बरळतो, पडतो. घरच्यांना वाटतं वयामुळं झालं. मी तिच्या हातातून स्ट्रिप घेतली आणि तिला तिच्या डॉक्टरांकडं नेलं.

मग जानेवारी. गड्ड्याची यात्रा. सोलापूरच्या माणसाला अक्षता सोहळा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं. हे लग्न लागतं त्या सम्मती कट्ट्याजवळ मी लहानपणापासून उभा राहत आलोय. 'सत्यम सत्यम' सुरू होतं, अक्षता पडतात आणि दरवर्षी माझे डोळे भरून येतात. वडील खांद्यावर घेऊन उभे राहायचे, ते आठवतं. या वर्षी अक्षता पडल्या, शेजारचा म्हातारा रडत होता आणि माझ्या आत काही हललं नाही. वाईट नाही वाटलं, चांगलंही नाही. काचेच्या पलीकडून बघावं तसं. दुखणं बोथट करता करता गोळीनं बाकीचंही बोथट केलं होतं. हाही तिचा एक परिणाम असतो, काहींना जाणवतो. त्याच रात्री मेहुणा म्हणाला, "दाजी, आता ठणठणीत आहात, कशाला ती सवय लावून घेता?" दुसऱ्या दिवशी मी स्ट्रिप कपाटात टाकली. बायकोला सांगितलं नाही.

पहिला दिवस काही नाही. दुसराही बरा गेला. ही गोळी निम्मी शरीराबाहेर जायला साधारण तीस तास घेते, म्हणून धक्का उशिरा बसतो. तिसऱ्या दिवशी दुपारी बिलांवरून नजर उचलून दाराकडं वळवली आणि डोक्यात वीज चमकली. दुखलं नाही. जिवंत वायरला ओझरता हात लागावा तसा झटका, कवटीच्या आत, नजर हलली की प्रत्येक वेळी. चालताना जमीन अर्धं पाऊल मागं राहायची. रात्री स्वप्नं इतकी खरी की उठून दार तपासलं. पाचव्या दिवशी एका हेल्परनं चलन उलटं लावलं म्हणून मी त्याच्यावर असा ओरडलो की शेड गप्प झाली. मग बाथरूममध्ये जाऊन रडलो. त्या पोराची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली, पण ते तोंड अजून डोळ्यासमोर आहे.

मला वाटलं आजार परत आला. मेहुण्याला वाटलं, बघा, सवय लागलीच होती. डॉक्टर म्हणाले, दोन्ही नाही. आजार उलटतो तेव्हा आठवड्या-आठवड्यांनी, आधी झोप, मग भूक, असा चोरपावलानं येतो. हे दोन-चार दिवसांत आलं, नजर हलवली की झटके आले, म्हणजे हे गोळी एकदम तोडल्याचं आहे. आणि खरंच, गोळी परत सुरू केल्यावर दोन दिवसांत सगळं ओसरलं. ते रागावले नाहीत, पण एक गोष्ट बोलले ती मला लागली. पहिल्यांदा आजार झाला असेल तर बरं वाटल्यावर पुढं सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते. माझी ती मुदत भरतच आली होती. मी नुसतं विचारलं असतं तरी तेच हळूहळू कमी करायला लागले असते. अक्षतांचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. म्हणाले, काही न वाटणं ही पण तक्रारच आहे, तीही सांगायची असते.

आणखी दोन महिने १० वर राहिलो, मग ५. पहिल्या आठवड्यात एक-दोनदा झटका, बारीक. सहा आठवडे तिथं थांबलो. आता पाचची अर्धी, अडीच. अर्धी करायला औषध दुकानातून एक छोटं कटर आणलंय. ब्लेडनं केली की चुरा होतो. कापायचं काम बायकोकडं आहे, रविवारी चौदा तुकडे करून ती डबीत भरते. एक आठवडा हा, एक पुढचा.

परवा रस्त्यावरून वरात गेली. सनई वाजत होती. कुणाची, माहीत नाही. मी गच्चीवरून बघत होतो आणि घसा दाटून आला. बराच वेळ तिथं उभा राहिलो.

वहीतली कालची नोंद अशी आहे. "अडीच. नाश्त्यानंतर. डोकं हलकं. नजर दोन्हीकडं फिरवून बघितली, काही नाही."